डुकरांची डोण

कॉनराडने माझी डोण न विचारता नेली. नेली ती नेली, वर धुऊन जागेवर आणून ठेवली नाही. थोरला मुलगा, बेचाळीस वर्षांचा, गावातून निघाला की लोक टोप्या काढतात, आणि आईची वस्तू परत ठेवायची एवढी अक्कल नाही. लोक म्हणतील, घरातून तरणाताठा मुलगा गेला त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि ही म्हातारी डुकरं धुवायच्या डोणीसाठी गळा काढते आहे. म्हणू देत. माझ्या घरात काय मोडलं ते मला त्या डोणीतूनच कळलं, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करणार.

डोण माझ्या बापाने माझ्या लग्नात करून दिली होती. आडवा माणूस मावेल एवढी लांब, मांडीपर्यंत खोल, जाड फळ्यांची. नोव्हेंबरात थंडी कडक झाली की आमच्याकडे डुकरं कापतात. कापलेलं डुक्कर कढत पाण्याने भरलेल्या डोणीत फिरवायचं आणि केस खरवडून काढायचे. वर्षातून दोन दिवसांचं काम. बाकीचं वर्ष ती मांस धुरवायच्या खोलीत पालथी पडलेली असते. त्या उन्हाळ्यात ब्रुकहाइमला पाऊस म्हणून झाला नव्हता, ओढ्यात बदकं चालत होती. लाकूड वाळलं की आकसतं आणि फळ्यांत फटी पडतात, म्हणून डुकरं कापायच्या आधी डोणीत पंधरा दिवस पाणी भरून ठेवावं लागतं. पाणी प्यायलं की लाकूड फुगतं, फटी मिटतात. हे इंडियानात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही ठाऊक आहे. मी तर तीन हिवाळे शाळेत गेले होते, त्यातला एक गोवरात गेला.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. चर्चमधून आल्यावर मी एप्रन बांधला आणि डोण भरायला गेले, तर जागा रिकामी. शोधत शोधत आमच्या बग्ग्यांच्या कारखान्याच्या आवारात गेले, तेव्हा ती रंगाच्या खोलीमागे आडवी पडलेली सापडली. आतल्या दोन्ही अंगांना गंजाच्या कमानी उमटल्या होत्या, एकीवर एक, एकीवर एक. मला वाटलं, चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवून ते थंड करायला वापरली असेल. पण त्यासाठी भट्टीपाशी वेगळा खड्डा आहे. माझ्या नवऱ्याने, गॉटफ्रीडने, तो स्वतः खणलेला. मग माझी डोण कशाला? मी एवढंच मनात धरलं की जेवताना कॉनराडची चांगली खरडपट्टी काढायची, आणि आत आले.

खरं सांगायचं तर मला तिथेच कळायला हवं होतं. मी चाकं करणाऱ्याची मुलगी, चाकं करणाऱ्याची बायको. पण माणसाला जे बघायचं नसतं ते त्याच्या नाकासमोर ठेवलं तरी दिसत नाही.

त्या दिवशी टेबलाशी आम्ही पाच जण होतो. कॉनराड वारलेल्या बापाच्या, गॉटफ्रीडच्या, खुर्चीत. त्याने लग्न केलं नाही, जे काय केलं ते कारखान्याशी. माझी मुलगी थेक्ला आणि तिचा नवरा लोरेंत्स. लोरेंत्सला गॉटफ्रीडने अठरा वर्षं हाताखाली शिकवलं, चाकांचं खातं त्याच्याकडे. आणि दाराकडच्या बाजूला, उठून जायला सोपं पडेल अशी बसलेली रोझिना. माझ्या धाकट्याची, आन्सेल्मची, विधवा. सव्वीस वर्षांची.

आन्सेल्म कसा गेला ते आधी सांगते. घोड्यांच्या बग्ग्या करणाऱ्या आमच्या घराने मोटारी करायला घेतल्या त्याला दुसरं वर्ष होतं. उंच चाकांची, बग्गीसारखीच दिसणारी, फक्त बैठकीखाली इंजिन असलेली आमची गाडी. दोन वर्षांत बारा झाल्या. पहिली घेऊन आन्सेल्म नदीपलीकडच्या रस्त्याने निघाला, रस्त्यातल्या गावांना गाडी दाखवायची म्हणून, आणि गिरणीच्या वळणावर मागचं चाक कोलमडलं. गाडी त्याच्या अंगावर उलटली. कॉनराड पहिला पोहोचला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं होतं की आन्सेल्म पिऊन होता, त्याच्या कपड्यांना दारूचा वास येत होता.

मी त्यावर विश्वास ठेवला. आन्सेल्मला बिअर आवडायची, हसायला आवडायचं, उशिरा उठायला आवडायचं. मातीच्या दिवशी मी रोझिनाला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “बायकोचं घरात लक्ष असतं तर नवरा सकाळी सकाळी बाटलीकडे गेला नसता.”

आता डुकराचं मांस, नूडल आणि आंबवलेला कोबी टेबलावर होता. कॉनराडने प्रार्थना म्हटली, लांबच लांब. मग मांस वाढून घेऊन त्याने कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

“मंगळवारच्या मालगाडीने अकराच्या अकरा गाड्या जातील,” तो म्हणाला. “डबे ठरले आहेत. फक्त त्या विकणारा इंडियानापोलिसचा एजंट अडून बसला आहे. त्याला लेखी हवं आहे की अपघात गाडीमुळे झाला नाही.”

“मग लिहून दे की,” थेक्ला म्हणाली.

“माझं लिहिलेलं तो मानत नाही. कारखानदार काय, स्वतःच्या गाडीला वाईट म्हणणार आहे का? बायकोचं मानेल.” त्याने कागद रोझिनाच्या ताटाशेजारी सरकवला. “दोन ओळी आहेत, रोझिना. आन्सेल्म त्या सकाळी घरून निघाला तेव्हा प्यायलेला होता. खाली सही कर, झालं.”

रोझिनाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “तो प्यायला नव्हता, भावजी.”

“अगं, गावाला माहीत आहे.”

“गावाला तुम्ही सांगितलं म्हणून माहीत आहे.”

“बघा!” थेक्ला म्हणाली. “आता ह्याने खोटं सांगितलं म्हणे. माझ्या भावाने एवढी धावपळ करून गाड्या उभ्या केल्या, तीस माणसं ह्या कारखान्यावर जेवतात, आणि हिला मेलेल्याच्या अब्रूची पडली आहे. जिवंत माणसांचं काय? तू इथेच जेवतेस ना, रोझिना?”

“वन्सं, मी जेवतच नाहीये,” रोझिना म्हणाली. खरंच तिच्या ताटात एक घाससुद्धा कमी झाला नव्हता.

लोरेंत्स मात्र मांस कापत होता. कापत होता, कापत होता, आणि तोंडात काही घालत नव्हता. त्याच्या ताटात बाळाला भरवावेत एवढाले तुकडे झाले होते. मी ते बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

आणि मग मी बोलले. हे मी लपवणार नाही. मी म्हटलं, “पोरी, सही कर. आन्सेल्म माझा होता. माझ्यापेक्षा जास्त तो कुणाचाच नव्हता. पण तो गेला. त्याच्या सवयीपायी बापाचं नाव बुडू द्यायचं का? सही कर आणि मोकळी हो.”

त्या क्षणी रोझिनाच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला दोन वर्षांनी सांगितलं, परसात वाटाणे सोलताना, माझ्याकडे न बघता. ती म्हणाली, “आई, तुम्ही बोललात ना, तेव्हा मी सही करणारच होते. मला वाटलं, एवढी मोठी बाई आपल्या पोटच्या पोराबद्दल असं बोलते, तर तिला काहीतरी माहीत असणार. कदाचित मलाच खरं आठवत नसेल.” मग तिने त्या सकाळचं सांगितलं. आन्सेल्मने उभ्याउभ्या कॉफी घेतली होती, पावाला सफरचंदाचा मुरंबा लावून दिला तो अर्धा खाऊन अर्धा त्यांच्या लहान मुलीला भरवला होता. अंगणात गाडीभोवती एक फेरी मारून त्याने मागच्या चाकावर पान्याने टकटक केलं होतं आणि परत येऊन म्हणाला होता, “रोझी, हे चाक गप्प का आहे?” ती म्हणाली होती, “मग जाऊ नका.” तो म्हणाला होता, “कॉनराड म्हणतो, रंग ओला आहे म्हणून.” आणि गेला होता.

पण हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मी फक्त तिचा हात पाहिला. तो कागदाकडे सरकत होता.

“पेन आणा,” ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, “एकच सांगते. घरी आणल्यावर त्यांना मी धुतलं. तुमच्यापैकी कुणी नव्हतं खोलीत. कपड्यांना वास होता, खूप होता, डोळ्यांत पाणी यावं एवढा. तोंडाला नव्हता. मी त्यांचं तोंड पुसलं. तोंडाला कॉफीचा वास होता.”

कॉनराडने पेनाचं टोपण काढलं.

मला ते नको झालं. घरात असं काही झालं की मी भांडं आपटते नाहीतर कुणावर तरी ओरडते, हा माझा स्वभाव. तसंच केलं. “आणि तू रे,” मी कॉनराडला म्हटलं, “माझी डोण कुणाला विचारून नेलीस? रंगाच्या खोलीमागे फेकून दिली आहेस, आतून बाहेरून गंज! तीन आठवड्यांवर डुकरं आली. काय बुडवत होतास तिच्यात?”

लोरेंत्सच्या हातातला काटा ताटात पडला. तिथून खाली पडला. तो उचलायला लोरेंत्स वाकला आणि वर येईना. टेबलाखालीच राहिला. शेवटी थेक्ला म्हणाली, “अहो, काय झालं तुम्हाला?” तेव्हा तो उठला, कुणाकडे न बघता बाहेर गेला आणि अंगणातला पंप हापसायला लागला.

“डोक्यात ऊन गेलं असेल,” कॉनराड म्हणाला.

“ऑक्टोबरात?” मी म्हटलं आणि उठले.

लोरेंत्स पंपाखाली डोकं धरून उभा होता. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत होतं. मी त्याला काही विचारलं नाही. मी फक्त समोर उभी राहिले, जसा गॉटफ्रीड उभा राहायचा कामात खोट काढली की. माझा जावई चांगला कारागीर आहे, पण त्याच्याने कुणाच्या नजरेपुढे चार श्वाससुद्धा काढवत नाहीत.

“चाकं,” तो म्हणाला. “आई, आम्ही तिच्यात चाकं भिजवत होतो.”

“कुठली चाकं?”

“मोटारींची. मागची. चोवीस. तुमच्या डोणीत चाक उभं राहतं नं, अगदी मापात. उभं करून फिरवायचं. तीन दिवस एकेक जोडी.”

मला अजून वाटत होतं की ह्याला काहीतरी साधं उत्तर असेल. मी म्हटलं, “नवीन चाक कशाला भिजवायला लागतं?”

तो रडायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावरून पाणी गळतंय. “एका उन्हाळ्याचं लाकूड होतं, आई. मागच्या वर्षी तोडलेलं. बाकीचं सगळं आधीच्या बग्ग्यांना लागून संपलं होतं. मी कॉनराडला म्हटलं, थांबू. तो म्हणाला, दर महिन्याला कुठे ना कुठे नवा मोटारींचा कारखाना निघतोय, आपण चार वर्षं थांबलो तर आपल्या मोटारी आपल्या थडग्यावर ठेवायला होतील. म्हणाला, नाहीतर चाकं मिशिगनहून तयार मागवतो, तू घरी बस. मी केली. जुलैत ती खुळखुळायला लागली. मग कॉनराड म्हणाला, शेतकरी काय करतात? गाडी ओढ्यात उभी करतात. ओढ्याला पाणी नव्हतं. म्हणून डोण.”

ज्यांनी चाक केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकाच्या मधला गड्डा तो तुंबा. त्याच्या खाचांत आऱ्यांची कुसवं, म्हणजे तासलेली टोकं, ठोकून बसवतात, आणि चाक उभं राहतं ते फक्त त्या कुसवांच्या घट्टपणावर. आऱ्यांचं हिकरीचं लाकूड ओलं असताना बसवलं तर ते खाचेत बसल्या बसल्या वाळतं, आकसतं, आणि आरा दातासारखा हलायला लागतो. पाण्यात ठेवलं की पुन्हा फुगतं. महिनाभर, दोन महिने. शेतकऱ्याचं त्यावर भागतं, कारण त्याची गाडी घोडा ओढतो, चाक नुसतं मागून येतं. मोटारीचं मागचं चाक मागून येत नाही. त्यालाच साखळी पिळते, तेच सगळी गाडी ढकलतं. प्रत्येक आऱ्याला दर फेऱ्याला पीळ बसतो. आमच्या घराने चाळीस वर्षं घोड्यामागची चाकं केली होती. कॉनराडला वाटलं, चाक ते चाक.

म्हणून गॉटफ्रीडचा नियम होता, लाकूड चार उन्हाळे वाळवायचं. दर उन्हाळ्याला तो लाकडाच्या टोकावर तापल्या सळईने एक खूण करायचा. छापलेलं वाचताना मला ओळीखाली बोट धरावं लागतं, पण त्या खुणा मी पळत्या घोड्यावरून वाचीन. चार खुणांशिवाय लाकूड कोठारातून बाहेर पडायचं नाही, आणि कोठाराची किल्ली घरात राहायची. कामावर नाही. घरात. माझ्या कमरेला.

“आणि दारूचा वास?” मी विचारलं.

“इंजिनाच्या पाण्यात घालतात तो दारूचा अर्क. पाणी गोठू नये म्हणून. पहिलं दव गोठलं होतं. मीच भरला. गाडी उलटली तेव्हा टाकी त्याच्या अंगावर फुटली.” त्याने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. “कॉनराडला माहीत आहे. आदल्या दिवशी त्यानेच मला आठवण केली होती भरायची.”

मी स्वयंपाकघराच्या दारात परत गेले. कागद अजून टेबलावर होता, पेन रोझिनाच्या हातात होतं, आणि थेक्ला तिच्या खांद्यावर वाकून सही कुठे करायची ते बोटाने दाखवत होती.

“ते खाली ठेव,” मी म्हटलं. “सगळे जण कोट घाला. शेडमध्ये चला.”

“आई, जेवण...” कॉनराड म्हणाला.

“जेवण कुठे पळून जात नाही. चल.”

शेडमध्ये अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या, गडद हिरव्या, पिवळ्या रेघा, पुढे पितळी पाटीवर आमच्या घराचं नाव, स्टेलमान. खोटं का सांगू, सुंदर दिसत होत्या. वरच्या खिडक्यांतून ऊन पडलं होतं आणि रंगात माणसाचं तोंड दिसत होतं. वसंतात कॉनराडने मला पहिल्या गाडीतून चर्चला नेलं होतं, तेव्हा तिला अजून बग्गीची जुनी चाकं होती. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं, आणि जिच्या आईने मला एकेकाळी लाकूडतोड्याची पोर म्हणून हिणवलं होतं ती डॉक्टरीणबाई धुळीत रुमाल नाकाला लावून उभी होती. मी मान अशी ताठ ठेवली होती की दुसऱ्या दिवशी आखडली.

भिंतीवर गॉटफ्रीडची लाकडी हातोडी लटकत होती. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. चाक कामावरून निघायच्या आधी तो ती घेऊन खाली बसायचा आणि एकेका आऱ्यावर टोला द्यायचा, मान कलती करून, डोळे मिटून. घट्ट आरा बोलतो. घंटेसारखा नाही, पण बोलतो. मग तुंब्यावर घराच्या नावाचा तापलेला ठसा मारायचा. माझ्या बापाचीही तीच रीत होती. मी चार वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून कुठला आरा मुका आहे ते सांगायचे.

मी हातोडी काढली आणि पहिल्या गाडीच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकले. गुडघ्यांनी आवाज केला. थेक्ला पुढे आली, मी तिला हाताने मागे सारलं.

पहिला आरा बोलला. दुसरा बोलला. तिसराही. मला वाटलं, देवा, लोरेंत्स वेडा आहे, घाबरट आहे, काहीतरी बरळतो आहे. मी मनातल्या मनात कॉनराडची माफीसुद्धा मागितली.

चौथा खट् वाजला.

पाचवा खट्. सहावा खट्. पुढचे सगळे. दुसऱ्या बाजूचं चाक, मग दुसरी गाडी, तिसरी. मी रांगत रांगत पुढे जात होते. फक्त खट् खट् असा आवाज, बंद घराचं दार वाजवावं तसा. सातव्या गाडीपाशी मी हातोडी ठेवली आणि आरा मुठीत धरला. मी सत्तरीला टेकलेली बाई. आरा माझ्या मुठीत फिरला. नव्या रंगाचा एक बारीक पापुद्रा निघाला आणि माझ्या एप्रनवर पडला.

रोझिना मागे उभी होती. तिने एक श्वास घेतला, दोन आठवडे कोंडून ठेवल्यासारखा.

“मंगळवारी ह्या गाड्या गेल्या की त्यांत अकरा कुटुंबं बसणार आहेत,” मी म्हटलं. “तुला माहीत होतं.”

“टिकली असती,” कॉनराड म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता, मला घाबरवून गेला तो आवाज. “आई, पहिला हिवाळा टिकली असती. वसंतात मी चाळीस हजार फूट वाळलेलं लाकूड आणणार होतो, सगळ्यांची चाकं बदलून देणार होतो, फुकट. मी लिहून ठेवलं आहे. आन्सेल्मने वळणावर वेग कमी करायला हवा होता. त्याला दहादा सांगितलं होतं.”

“त्याला हे सांगितलं होतंस?”

कॉनराड कोटाची बटणं लावायला लागला.

“दादा,” थेक्ला म्हणाली, “त्याला सांगितलं होतंस की नाही?” तिच्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी होतं. ती चालत गेली आणि रोझिनाच्या बाजूला उभी राहिली. हात धरला नाही, तेवढं तिच्याने होण्यासारखं नव्हतं. पण उभी राहिली.

कॉनराडने ते पाहिलं. लोरेंत्स दारातून आत आलेला पाहिला, ओल्या केसांचा. मग तो माझ्याकडे वळला, आणि लहानपणी हरायला लागला की जसा बोलायचा तसा बोलला.

“सगळे मलाच बघताय. कोठाराला कुलूप होतं ना? मी काय कुलूप फोडलं? किल्ली कुणी दिली? विचारा ना तिला, किल्ली कुणी दिली!”

ही गोष्ट मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. जूनमध्ये, त्या चर्चच्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी, तो स्वयंपाकघरात आला, मागून माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाला, आई, दोन दिवस किल्ली दे, नवं लाकूड रचायचं आहे. मी विचारलं नाही. कोठारात जाऊन खुणा पाहिल्या नाहीत. मला दुसऱ्यांदा मोटारीत बसून चर्चला जायचं होतं. मी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली, आणि त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला.

सगळे माझ्याकडे बघत होते. रोझिनासुद्धा. मातीच्या दिवशी मी तिला जे बोलले होते ते त्या शेडमध्ये पुन्हा एकदा ऐकू आलं, माझ्याच आवाजात.

मी गाडीच्या चिखलपट्टीला धरून उठले. ठोकायच्या बाकावर गॉटफ्रीडचा ठसा पडला होता, लांब दांड्याचा. तो उचलला. मग कॉनराडच्या समोर जाऊन उभी राहिले. तो माझ्यापेक्षा दोन विती उंच आहे. त्याला मान खाली घालावी लागली.

“किल्ली मी दिली,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर मी ते सगळ्यांदेखत सांगणार आहे, आणि रोझिनाला काय बोलले तेही. तिथेच तिची माफी मागणार आहे, इथे कोपऱ्यात नाही. माझं झालं की तू उभं राहायचंस आणि सांगायचंस की माझ्या भावाच्या पोटात फक्त कॉफी होती. उद्या सकाळी ह्या चाकांचा आरा न् आरा तू कुऱ्हाडीनं फोडशील. लोरेंत्सनं हात लावायचा नाही, त्याचं मी नंतर बघते. गाड्या कुठेही जाणार नाहीत. हा कारखाना आज बंद झाला, आणि तो एजंटनं नाही, मी बंद केला, हे लक्षात ठेव.

“तुझ्या बापानं मरेपर्यंत हा ठसा तुझ्या हातात दिला नाही. तू माझ्याकडे रडत यायचास, मी म्हणायची, म्हातारा हट्टी आहे. हट्टी नव्हता तो. त्यानं तुला ओळखलं होतं, मी ओळखलं नाही. कॉनराड, तू माझ्या घरात राहशील. माझ्या टेबलावर जेवशील. आजारी पडलास तर मी तुझ्या उशाशी बसेन, कारण तू माझा आहेस आणि तुला टाकायचं माझ्या अंगात नाही. पण बापाच्या खुर्चीत बसायचं नाही. ती भिंतीला लावून ठेवायची. आणि मी जिवंत असेपर्यंत तुझ्या हातानं ह्या घराचं नाव कुठल्याच लाकडावर उमटणार नाही. बग्गीवर नाही, ढकलगाडीवर नाही. आन्सेल्मच्या क्रुसावरसुद्धा नाही, तो लोरेंत्स करील, चार खुणांच्या लाकडाचा, मग त्याला चार वर्षं लागू देत.

“आता जा. माझी डोण बाहेर पडली आहे. घासून धू, आणि होती तिथे पालथी घाल.”